बाळंतीण भलतेच बोलू लागली तर...
बाळंतपणानंतर उघडकीस येणाऱ्या एका दुर्मीळ आजाराविषयी



आपल्या अनेक मंडळ्यांतील भगिनी दर वर्षी बाळंतविडे तयार करून आमच्याकडे पाठवतात. अंगडी, टोपडी, दुपटी, साबण, सोबत डाळ-गूळ. हे बाळंतविडे घेऊन आमच्या कार्यकर्त्या पाड्यांवर जातात ते बहुधा बाळंतपणानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात. या अंकात मी ज्या आजाराविषयी लिहीत आहे तो नेमका याच पंधरवड्यात डोके वर काढतो. म्हणून हा लेख डॉक्टरांसाठी नाही. बाळंतविडा घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या बाईसाठी आणि तो शिवून पाठवणाऱ्या आपणा सर्वांसाठी आहे.

आजार फार दुर्मीळ आहे. तरीही त्याची ओळख हवी, कारण तो वेडासारखा किंवा ‘बाहेरचे लागल्या’सारखा दिसतो, काही दिवसांत जीव घेतो, आणि वेळेत लक्षात आला तर मात्र बरा करता येतो. ओळखण्याची किल्ली म्हणजे रक्ताची एकच तपासणी. ती करा, असे कोणीतरी वेळेवर म्हणावे लागते.

शरीरात काय बिघडते

आपण डाळ, मासळी, अंडी, मटण खातो. त्यांतील प्रथिने शरीर वापरते आणि वापरून उरलेल्या भागातून अमोनिया तयार होतो. अमोनिया मेंदूला विषासारखा आहे. म्हणून यकृत तो साठू देत नाही. त्याचे युरियात रूपांतर करते आणि युरिया लघवीवाटे बाहेर जातो. हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट या जर्मन संशोधकांनी १९३२ मध्ये या कामाचा क्रम उलगडला. त्याला युरिया चक्र म्हणतात.

विहिरीच्या कामावर बायका रांगेत उभ्या राहून मातीची घमेली हातोहात पुढे देतात, तसे हे चक्र चालते. रांगेत सहा मुख्य एन्झाइम असतात. एक जरी ढिले पडले तरी पाठीमागे घमेली साचत जातात. युरिया चक्रात मागे साचतो तो अमोनिया. जन्मतःच यांपैकी एखादे एन्झाइम कमी असणे हा आनुवंशिक दोष आहे. त्यात सर्वांत जास्त आढळणारा दोष ऑर्निथिन ट्रान्सकार्बामायलेज या एन्झाइमचा. डॉक्टर त्याला थोडक्यात ओटीसी म्हणतात. ‘सर्वांत जास्त’ म्हणजे तरी किती? अंदाज वेगवेगळे आहेत, पण काही दहा हजार जन्मांमागे एक, एवढाच.

ओटीसीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलग्याकडे एक्स गुणसूत्र एकच, त्यामुळे दोष तीव्र असेल तर बाळ जन्मल्यावर दोन-चार दिवसांतच दूध सोडते, सुस्त पडते आणि अनेकदा दगावते. स्त्रीकडे एक्स गुणसूत्रे दोन. त्यांतील एक चांगले असल्याने तिच्या यकृताचा काही भाग नीट काम करतो. हा भाग किती मोठा, हे प्रत्येकीत वेगळे असते. काहींना आयुष्यभर काहीच होत नाही. काही जणी लहानपणापासून मटण-मासळी, डाळ टाळतात. का, ते त्यांनाही सांगता येत नाही. ‘खाल्ले की मळमळते, डोके दुखते’ एवढेच त्या सांगतात. घरचे म्हणतात, पोरीला नखरे फार. खरे तर तिचे शरीरच तिला सांभाळत असते.

बाळंतपणानंतरच का?

गरोदरपणी वाढणारे बाळ आईच्या शरीरातील प्रथिने आपल्या वाढीसाठी ओढून घेत असते, त्यामुळे बहुतेकदा निभावून जाते. बाळ झाल्यावर चित्र पालटते. बाळंतपणाच्या वेळी गर्भपिशवीचे वजन सुमारे एक किलो असते. सहा आठवड्यांत ती आकसून शंभर ग्रॅमच्या आत येते. हे सारे मांस शरीरातच विरघळते आणि त्यातील प्रथिनांचा बोजा यकृतावर पडतो. त्यात कळांच्या काळातील उपास, रक्तस्राव, ताप, जंतुसंसर्ग यांची भर पडते. माणूस उपाशी राहिला की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाते, म्हणजे पुन्हा अमोनियाच वाढतो. बाळ वेळेआधी होणार असे वाटल्यास त्याच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. ती बाळाला वाचवणारी आहेत, पण हा दोष असलेल्या आईत त्यांनीही अमोनिया वाढू शकतो. आणि मग घरची माणसे मायेने कोंबडीचा रस्सा, अंडी, कुळथाचे कढण भरवू लागतात.

निरोगी यकृत हे सगळे पेलते. अर्धवट चालणारे यकृत कोलमडते. बहुतेक वेळा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान, क्वचित त्यानंतरही. पहिले बाळंतपण सुखरूप झाले म्हणून दुसरेही तसेच होईल याची खात्री नसते. १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकी डॉक्टरांनी ओटीसीचा दोष असलेल्या आणि बाळंतपणानंतर बेशुद्धीत गेलेल्या स्त्रियांविषयी लिहिले, तेव्हापासून वैद्यकीय जगाचे याकडे लक्ष गेले.

दारात उभे राहून काय दिसते

सुरुवात साधी असते. बाळंतिणीला उलट्या होतात, अन्न नको वाटते, डोके दुखते. ती चिडचिड करते किंवा एकदम गप्प होते. रात्रभर जागी राहते, दिवसा पेंगते. मग बोलण्यात गोंधळ सुरू होतो: दिवस कोणता ते सांगता येत नाही, बाळाला ओळखत नाही, भलतेच काही बोलते, अंगावरचे कपडे काढते, नवऱ्याला मारायला धावते. चालताना झोकांड्या जातात. श्वास जलद होतो. ताप असेलच असे नाही. पुढे ग्लानी, झटके आणि बेशुद्धी. हे सारे कधी दोन दिवसांत घडते, कधी चढ-उतार होत आठवडाभर चालते. सकाळी बरी आणि जेवणानंतर संध्याकाळी पुन्हा बिघडली, असेही दिसते.

भगताकडे न्यावे असे घरच्यांना का वाटते हे समजण्यासारखे आहे. काल हसत बाळाला पाजणारी सून आज कोणाला ओळखत नाही. त्यांना ठाऊक असलेल्या कारणांत हेच एक बसते. आपल्या विश्वासणाऱ्या घरांतही वेगळे घडते असे नाही. मी धर्मज्ञानाचा अभ्यासक्रम केलेली बाई आहे, प्रार्थनेचे मोल मी जाणते. पण भुताला हाकलण्यासाठी बाळंतिणीभोवती दोन-दोन रात्री मोठ्याने प्रार्थना चालू आणि तिच्या पोटात अन्नाचा कण नाही, असे मी पाहिले आहे. असा उपास या आजारात आगीत तेल ओततो. प्रार्थना गाडीत रुग्णाच्या शेजारी बसूनही करता येते. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाच्या जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले आणि पुढचा खर्चही उचलला. दयेच्या त्या गोष्टीत प्रवास आहे आणि पैसेही आहेत.

एका पाड्यावरची गोष्ट

ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी गाळते. आमच्या कामाच्या भागात एका तरुण बाईचे दुसरे बाळंतपण झाले. पाचव्या दिवशी ती असंबद्ध बोलू लागली. जवळच्या दवाखान्यात ‘बाळंतपणाचा मानसिक त्रास’ म्हणून झोपेचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले गेले. दुसऱ्या दिवशी ती उठवूनही नीट उठेना. आमची कार्यकर्ती बाळंतविडा घेऊन पोचली तेव्हा बाळंतिणीची आई माहेराहून आलेली होती. कार्यकर्तीने नेहमीच्या चौकशीत विचारले, “आजी, हिला आधी कधी असं झालं होतं का?”

म्हातारी म्हणाली, “असं नाय झालं. पण पोर लहानपनापासून डाळ-मासली शिवत नाय. आणि हिच्या पाठचे माझे दोन पोरगे आठवडा पुरा होन्याआधीच गेले. दूध सोडलं नि गेले.”

ही दोन वाक्ये कार्यकर्तीने चिठ्ठीवर लिहिली आणि १०८ ची गाडी बोलावली. तालुक्याच्या रुग्णालयातील तरुण डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, साखरेचे सलाईन लावले आणि तिला तशीच शहरातील मोठ्या रुग्णालयाकडे रवाना केले. तिथे अमोनिया मोजला तेव्हा तो नेहमीच्या कितीतरी पट निघाला. डायलिसिस झाले, औषधे झाली. चौथ्या दिवशी तिने बाळ मागितले. देवाची स्तुती असो, आणि त्या डॉक्टरांचेही आभार. त्या दिवशी निदानाकडे नेणारी माहिती कुठल्याही यंत्रात नव्हती. ती एका आजीच्या तोंडी होती आणि कोणीतरी तिला विचारले.

आधी नेहमीची कारणे

बाळंतीण गोंधळली की लगेच हाच आजार, असे मुळीच समजू नये. जंतुसंसर्ग रक्तात पसरणे, रक्तदाब वाढून येणारे झटके, मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी, हिवताप, अतिशय रक्तक्षय, साखर उतरणे, सततच्या उलट्यांनी ‘ब१’ जीवनसत्त्व संपणे ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. यांतील प्रत्येकासाठी रुग्णालय लागतेच. प्रसूतीनंतरचा तीव्र मानसिक आजारही दर हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना होतो. तोही उपचाराने बरा होणारा आजार आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र ‘मानसिक’ असा शिक्का मारण्याआधी अमोनिया पाहिला जावा. याला एक महत्त्वाचे कारण आहे. अशा वेळी झटक्यांसाठी किंवा मन शांत करण्यासाठी कधीकधी दिले जाणारे व्हॅल्प्रोएट हे औषध युरिया चक्राचा दोष असलेल्या रुग्णात अमोनिया आणखी वाढवते आणि जिवावर बेतू शकते.

दुसरी एक गोष्ट फसवते. या आजारात यकृताच्या नेहमीच्या तपासण्या आणि मेंदूचा सीटी स्कॅन बऱ्याचदा ठीक येतात. अमोनिया म्हणजे दारूने खराब झालेल्या यकृताचा आजार अशी सवयीची समजूत असल्याने तरुण बाईत तो मोजायचे सुचत नाही. म्हणून नातेवाइकांनी नम्रपणे विचारावे: “डॉक्टरसाहेब, रक्तातला अमोनिया तपासला का?”

तपासणी आणि उपचार

प्रौढ माणसाच्या रक्तात अमोनिया साधारणपणे लिटरमागे ५० मायक्रोमोलपेक्षा कमी असतो. तो १०० च्या पुढे गेला आणि रुग्ण गोंधळलेला असला तर थांबायला वेळ नसतो. ही तपासणी नाजूक आहे. दंडाला पट्टा आवळून न ठेवता रक्त घ्यावे लागते, नळी बर्फात ठेवावी लागते आणि ती लगेच प्रयोगशाळेत पोचवावी लागते. नळी तशीच राहिली तर अमोनिया खोटाच वाढलेला दिसतो. त्यामुळे पाड्यावरून नुसते रक्त शहरात पाठवून भागत नाही. रुग्णालाच सोय असलेल्या ठिकाणी न्यावे लागते.

उपचाराची पहिली पायरी साधी आहे. प्रथिने असलेले अन्न थांबवायचे आणि शिरेतून ग्लुकोजचे दहा टक्क्यांचे सलाईन द्यायचे. साखरेतून ताकद मिळाली की शरीर स्वतःचे स्नायू मोडणे थांबवते. ग्लुकोजचे सलाईन लहान दवाखान्यातही सुरू करता येते. फार दिवस उलट्या झालेल्या असतील तर डॉक्टर त्याआधी ‘ब१’ जीवनसत्त्व देतात. मोठ्या रुग्णालयात सोडियम बेन्झोएटसारखी औषधे देतात, ती अमोनियाला दुसऱ्या वाटेने लघवीतून बाहेर काढतात. सोबत आर्जिनिन देतात. अमोनिया फार असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर डायलिसिसने तो काही तासांत खाली आणतात. प्रथिने एक-दोन दिवसच बंद ठेवायची असतात. मग थोडी थोडी सुरू करतात, कारण ती अजिबात नसली तरी शरीर स्वतःलाच खाऊ लागते.

येथे एक सावधगिरी. हा लेख वाचून कोणीही आदिवासी बाळंतिणीच्या ताटातली डाळ किंवा अंडे काढून घेऊ नये. आमच्या भागातील बहुतेक माता आधीच अशक्त आहेत आणि त्यांना प्रथिनांची गरज आहे. पथ्य फक्त निदान झालेल्या रुग्णासाठी, तेही डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सांगतील तेवढेच.

बरे झाल्यावर जपायचे काय? मोजकी प्रथिने, उपास न करणे, ताप-उलट्या झाल्या की त्वरित रुग्णालय, पुढच्या गरोदरपणात पहिल्यापासून मोठ्या रुग्णालयात नोंद, आणि आजाराचे नाव व टाळायची औषधे लिहिलेले कार्ड नेहमी जवळ. त्याहून निकडीचे म्हणजे त्याच घरातील बाळ. ओटीसीचा दोष असलेल्या आईच्या प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलग्यांना धोका सर्वांत जास्त. बाळाचा, तसेच तिच्या बहिणींचा आणि त्यांच्या मुलांचाही तपास व्हायला हवा. एका बाईचे निदान झाले की एका कुळातील अनेक जीव वाचू शकतात. आणि ‘या बाईच्या पोटचे पोर जगत नाही’ असा जो डाग तिच्या आईने जन्मभर वाहिला, तो पुसला जातो.

याच कुळीतला आणखी एक दुर्मीळ आजार कधीकधी बाळंतपणानंतर झटका देतो: पोर्फिरिया. त्यात असह्य पोटदुखी, बद्धकोष्ठ, हातापायांतली शक्ती जाणे, गोंधळ आणि उजेडात ठेवल्यावर गडद लालसर होणारी लघवी अशी चिन्हे असतात. त्याची तपासणी लघवीची आहे. उपासाने आणि काही औषधांनी तोही बळावतो. असे दिसले तर हे सारे डॉक्टरांना सांगावे.

आपण काय करू शकतो

शासनाच्या घरभेटीच्या कार्यक्रमात आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही. या भेटी बाळासाठी म्हणून ठरल्या आहेत, पण धोक्याचे दिवस त्यांतच येतात. आमच्या कार्यकर्त्यांनी आता आशाताईंबरोबर पाच प्रश्न ठरवले आहेत आणि बाळंतविड्यात ते छापलेला कागद ठेवला आहे:

१. बाळंतीण नीट बोलते का, दिवस आणि माणसे ओळखते का?
२. उलट्या होतात का, दिवसा उठवून उठत नाही असे होते का?
३. डाळ, मासळी, मटण, अंडे ती लहानपणापासून टाळते का?
४. तिची भावंडे, विशेषतः भाऊ, किंवा आधीचे बाळ पहिल्या काही दिवसांत गेले आहे का?
५. अशा वागण्याचा त्रास माहेरच्या कोणा बाईला बाळंतपणात झाला होता का?

पहिल्या दोहोंपैकी एकाचेही उत्तर काळजीचे आले की त्याच दिवशी रुग्णालय. बाळंतीण आणि आजारी नवजात बाळ यांची ने-आण सरकारी रुग्णालयांत १०२ च्या गाडीने मोफत होते. तातडीसाठी १०८ आहेच. पुढच्या तिन्हींची उत्तरे कागदावर लिहून रुग्णाबरोबर द्यायची. दीर्घ उपचारांसाठी केंद्र सरकारचे २०२१ चे दुर्मीळ आजार धोरण आहे. त्यात युरिया चक्राचे आजार समाविष्ट आहेत आणि मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय त्यासाठीच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.

आपणांकडे माझे मागणे लहानच आहे. पुढच्या बाळंतविड्यांबरोबर हा पाच प्रश्नांचा कागद आपल्या मंडळीतही वाचून दाखवा, कारण हा आजार पाड्यावरच होतो असे नाही. तो पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरातही तसाच येतो आणि तिथेही तसाच ओळखायचा राहून जातो. आपल्यात परिचारिका आणि डॉक्टर पुष्कळ आहेत. त्यांनी आपल्या रुग्णालयात अमोनियाची तपासणी होते का, होत नसेल तर जवळ कुठे होते, हे आधीच विचारून ठेवावे आणि आम्हांलाही कळवावे. पाड्यांपासून मोठ्या रुग्णालयापर्यंतच्या मार्गावर अशी ठिकाणे कुठे आहेत याची यादी आम्ही करीत आहोत. ती पुरी झाली की पुढच्या अंकात देऊ.

प्रभूच्या सेवेत,
आपली भगिनी